शिकऱ्याचं मीटर

१

जुनी गाडी पारखायची तर सकाळी. रात्रभर बंद राहिलेल्या गाडीचं दार उघडलं की ती सगळं बोलून टाकते. आधीचा मालक विडी ओढायचा का, पोरांनी सीटवर दूध सांडलं होतं का, कधी पुराच्या पाण्यात उभी होती का. केडगावच्या रस्त्याला माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. रोज सकाळी मी एकेक दार उघडून नाक आत घालत रांगेतून फिरतो. माझी बायको सबिहा म्हणते, लोक अगरबत्ती लावून दुकान उघडतात, तुम्ही हुंगून उघडता.

धंदा आमचा दोघांचा. मी गाडी बघतो. ती फोटो काढते, व्हिडिओ टाकते आणि फोनवर गिऱ्हाईक पटवते. पाटीवर ‘परवेझ मोटर्स’ आणि खाली बारीक अक्षरात ‘इथे मीटर फिरवले जात नाही’ असं लिहिलंय. या धंद्यात मीटर मागे फिरवणं हे चहा पिण्याइतकं सोपं काम आहे. मी ते कधी केलं नाही आणि पुण्या-नाशिकचे लोक केवळ तेवढ्यासाठी वाट वाकडी करून नगरला येतात. माझी कमाई म्हणाल तर ती पाटी.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नेवाशाहून एका बाईंचा फोन आला.

“शिकरा हाय आमच्याकडं. इकायचीय. घेता का?”

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शिकरा म्हणजे दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार. चाकणकडच्या एका छोट्या कंपनीने मोजक्याच गाड्या काढल्या आणि कंपनी बंद पडली. प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर पितळी पट्टी, त्यावर तिचा क्रमांक. मी आयुष्यात दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा हायवेवर आणि दोन्ही वेळा मागून.

“घेतो की,” मी म्हणालो. “आजच येतो.”

२

मनकर्णाबाईंचं घर प्रवरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे ओटा, बाजूला पत्र्याचं शेड, शेडमध्ये ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरशेजारी ती. गडद लाल. ट्रॅक्टरपुढे ती एखाद्या लग्नघरी चुकून शिरलेल्या नटीसारखी दिसत होती. सबिहा तर “हाय अल्ला” म्हणून तिथेच थबकली.

बाई साठीच्या पुढच्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, जाड भिंगाचा चष्मा, हसणं मात्र खळखळून.

“सायबांनी हौसंनं घेतली,” त्या म्हणाल्या. “कारखान्यातनं रिटायर झाल्यावर. रोज सकाळी फाट्यापर्यंत जायचे, चा पिऊन यायचे. आता चालवत न्हाईत.”

“तब्येत बरी नाही का साहेबांची?”

“तब्येत झकास हाय.” त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा हसल्या. आत कुणीतरी शीळ घालत होतं.

मी कामाला लागलो. अशा गाडीची पुढची किंमत ठरवायला पुस्तकातले भाव चालत नाहीत. गाड्या थोड्या म्हणून भाव चढतो, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून उतरतो, आणि या दोन्हींच्या मधे तराजूचा काटा असतो मीटर. मीटर खोटं बोलतं का, ते मी पायाखाली बघतो. ब्रेकच्या पेडलचं रबर मधोमध गुळगुळीत झिजलेलं. स्टिअरिंगचं चामडं चकाकलेलं. सीटची उजवी कड बसून बसून फाटलेली. मीटरवर एक्केचाळीस हजार. झिजेवरून मला जास्त वाटले, पण ते घर मीटर फिरवणाऱ्यांतलं वाटेना. उजवं दार परत रंगवलेलं होतं, मागे बंपरवर पोचा होता. मी सगळं मनात नोंदवलं आणि भाव सांगितला.

बाईंनी घासाघीस केली नाही. चहा दिला, किल्ली दिली. गाडी त्यांच्याच नावावर होती; नाव बदलायला वेळ लागेल म्हटल्यावर “लागू द्या” म्हणाल्या.

निघताना मात्र माझ्या खिडकीशी वाकल्या. “एक आयका भाऊ. पुसा, दुकानात लावा, इकून टाका. जोरात पळवू नका.”

“का, इंजिनात काही आहे?”

“इंजिन लई ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर.”

३

मी गावात चालवणारा माणूस. चाळिशीच्या पुढे काटा गेला की माझा पाय आपोआप उचलला जातो. सबिहाचं तसं नाही. तिचं माहेर खर्ड्याचं. किल्ल्यासमोर गाडी उभी करून व्हिडिओ काढला तर गिऱ्हाईक वेडं होईल, असं म्हणून ती एकटीच शिकरा घेऊन गेली. त्यानंतर व्हिडिओत ऊन बरोबर आलं नाही म्हणून पुन्हा गेली, मग आईला लोणचं द्यायला. जामखेडचा रस्ता सरळ आहे, आणि ती परत आली की तिचे गाल पोरीसारखे लाल झालेले असायचे.

“किती पळवलीस?”

“विचारू नका,” ती म्हणायची. “गाडी ऐकतच नाही हो.”

एका सकाळी नेहमीसारखं मी शिकऱ्याचं दार उघडलं आणि नाक आत घातलं. नव्या गाडीचा वास आला. रबर, गोंद आणि कोऱ्या चामड्याचा तो वास शोरूममधून निघाल्यावर वर्षभर टिकला तरी पुष्कळ. मला वाटलं, सबिहाने काहीतरी फवारलं. वाकून ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबरावरच्या रेघा अंगठ्याला टोचल्या. त्याच रबरावरून माझा अंगठा नेवाशाला सरकला होता.

मी मागे गेलो. बंपरवरचा पोचा सापडेना. दुसऱ्या बाजूला असेल म्हणून तिकडे पाहिलं. शेवटी खाली बसून हाताने चाचपलं, आणि माझं मलाच हसू आलं. रोज इतक्या गाड्या बघतो, एखादीचा पोचा दुसरीवर लक्षात राहिला असेल.

मीटर बघायचं मी त्या दिवशी टाळलं. का टाळलं ते सांगता येत नाही.

दुपारी जेवताना सबिहा बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचून दाखवत होती.

“नवा चष्मा कुठाय?” मी विचारलं.

“लागत नाही मला आता. गंमतच आहे. आणि हे बघा.” तिने मनगट पुढे केलं. गेल्या वर्षी इस्त्रीने भाजल्याचा तिथे चांगला बोटभर डाग होता. “क्रीम लावलं तेव्हा हटला नाही, आता आपोआप गेला. खर्ड्याची हवा!”

आमची नऊ वर्षांची अरफा म्हणाली, “अम्मी, तू माझी ताई दिसायला लागलीस.” तिघंही हसलो. माझं हसणं सगळ्यांत आधी थांबलं.

४

संगमनेरचा रविराज हा रस्त्यांची कामं घेणारा कंत्राटदार. हौसेच्या गाड्या गोळा करतो. सबिहाचा व्हिडिओ पाहून तो भर दुपारी दुकानात हजर झाला. बरोबर त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं होतं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दाराला यंत्र लावलं, पुन्हा लावलं.

“परवेझभाई, तुम्ही फोनवर म्हणालात उजवं दार रंगवलंय.”

“हो.”

“हा कंपनीचा रंग आहे. एका थराचा.”

“असेल,” मी म्हणालो.

मग तो आत बसला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो मोबाईल हातात धरून. सबिहाने सुरुवातीला पाठवलेला मीटरचा फोटो त्याने उघडला होता, त्यात एक्केचाळीस हजार. “आणि आत आता सत्तावीस आहेत.”

मी जाऊन पाहिलं. सत्तावीस हजारांच्या पुढे काही आकडे होते. डिजिटल काच स्वच्छ, नवीकोरी.

“मी फिरवलं नाही, रविराज.”

“मग कुणी फिरवलं? गाडीने?” तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, आणि मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. “तुमच्या पाटीकडे बघून मी इतक्या लांबून येतो भाई. सरळ सांगितलं असतंत, मशीन चुकलं म्हणून, तरी घेतली असती.”

तो गेला. संध्याकाळच्या आत गाड्यावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पाटीचा फोटो फिरला. खाली हसरे चेहरे.

मी वायरिंगवर संशय घेतला, बॅटरी काढून पाहिली, सेन्सर बदलला. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं, असं मानूनच मी आजवर गाड्या घेतल्यात. फक्त दाराच्या रंगाला, पेडलच्या रबराला आणि सबिहाच्या मनगटाला एकच कारण असेल, हे मी मनाला म्हणू देत नव्हतो.

५

शुक्रवारी नमाजहून आलो तर सबिहा ठेवणीतला हिरवा ड्रेस घालून शिकऱ्याशी उभी होती. हातात मिठाईचा पुडा.

“कुठे निघालीस?”

“खर्ड्याला. बालुशाही घेतलीय, मऊ बघून घेतली, दात नाहीत ना त्यांना. अब्बांना गाडी दाखवायची राहिलीच आहे.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिचे अब्बा गेल्या थंडीत गेले होते. त्यांना खांदा देणाऱ्यांत मी पुढे होतो.

“असं काय बघता?” ती हसून म्हणाली. “लवकर येते.”

मी तिच्या हातातून किल्ली घेतली. तिला आत नेऊन बसवलं आणि सांगितलं. दुसऱ्यांदा तीच बातमी, त्याच माणसाला, त्याच शब्दांत. ती पहिल्यांदा रडली होती तशीच रडली. मधेच म्हणाली, “मग मी इतक्यांदा गेले तेव्हा अम्मी मला काहीच कशी बोलली नाही?” आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “अजून काय काय मला माहीत नाही?”

आम्ही बसून शोधत राहिलो. गाडी येण्याआधीचं सव्वा-दीड वर्ष गेलं होतं. अरफाच्या शाळेतलं नाटक गेलं होतं, नवीन फ्रीज कुठून आला ते गेलं होतं. माझ्या बहिणीशी झालेलं कडाक्याचं भांडणही गेलं होतं. ते मी सांगितल्यावर तिने डोळे पुसले.

“मी काय म्हणाले होते तिला?”

मी सांगितलं.

“बरंच म्हणाले की!” ती म्हणाली, आणि रडता रडता इतकी हसली की अरफा बाहेरून धावत आली. सबिहाने तिला ओढून पोटाशी धरलं. तिचं नाव दोन-तीनदा घेतलं, पक्कं करून घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकरा घेऊन नेवाशाला निघालो. बैलगाडीच्या वेगाने. इमामपूर घाटात उसाच्या ट्रॉल्या मला ओलांडून गेल्या, पांढरीच्या पुलाजवळ म्हाताऱ्या मोपेडवाल्याने मागे वळून हात जोडले. माझ्या पायाखाली गाडी सारखी पुढे ओढत होती. गुडघा, जो जिना चढताना कुरकुरतो, तो अजिबात दुखत नव्हता. मी पाय आणखी वर घेतला.

६

“मला वाटलं त्यापेक्षा उशिरा आलात,” मनकर्णाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

अंगणात एक तरणा मुलगा कूलर धूत होता. विशीतला, काटक, कमरेला सैल पँट दोरीने बांधलेली. शीळ घालत होता. मला पाहून त्याने नमस्कार केला. “काकू, चा ठिवू का?”

“ठेव बाबा.”

तो आत गेला. बाईंनी आवाज खाली आणला. “गावाला पुतन्या म्हणून सांगते.”

त्यांच्या डोक्यामागे, उघड्या दारातून भिंतीवरचा लग्नाचा फोटो दिसत होता. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, पुढचा एक दात किंचित तिरका. आत चहाची साखर शोधणाऱ्या मुलाने “काकू, डबा कंचा?” म्हणून तोंड बाहेर काढलं आणि मी मान फिरवली. चेहरे सारखे असतात. घराण्यात दातही सारखे असतात. मी हे स्वतःला दोनदा सांगितलं.

“किलोमीटरवर न्हाई ते,” बाई म्हणाल्या. “वेगावर हाय. आमचे सायब, गोरक्षनाथराव, आदी हळू जायचे. केस काळे झाले, शुगर गेली. मी बी खूश. मग हायवेला पळवाया लागले. येक दिस आले ते माझ्याकडं बघून म्हनले, बाई, हितं भाड्यानं खोली मिळंल का?”

त्या हसल्या. खरंच हसल्या. “तवा किल्ली लपवली. गाडी उभी ऱ्हाऊन परत जुनी झाली, मानूस झाला न्हाई. मग तुमाला फोन केला.”

मी म्हणालो, “काकू, ही विकायची नाही आता. तोडून टाकू.”

“तोडा. पन आदी सांगा, आज किंमत काय धरता हिची?”

सवय वाईट असते. माझी नजर गाडीवरून फिरली. कोरा रंग, कोरं रबर, कमी फिरलेली, मोजक्यांतली एक. “नवी होती तेव्हापेक्षा जास्त,” मी म्हणालो. “कितीही मागितले तरी कुणीतरी देईल.”

“तेच म्हनते मी.” त्यांनी हात पुढे केला. “तोडायच्या आदी येकदा मला द्या.”

मी किल्ली मुठीत धरली. “नाही काकू.”

“ट्रॅक्टर चालवलाय मी. ते कारखान्यात असायचे, शेत मीच केलं.”

“त्याचं नाही म्हणत मी. तुमची मुलंबाळं?”

“येक मोनिका. पुण्याला असती, तिला बी आता कालेजातली पोरं हायती. रोज दुपारी फोन करती.” बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “तिचा इचार केलाय. रोज करते. तिचं तिला घर हाय. ह्यो मानूस मातर रोज माझ्यापुढं ताट घिऊन बसतो आन् काकू म्हनतो. चांगला हाय वो. लाजतो. परवा इचारत हुता, काकू, तुमाला लेक न्हाई का.”

आतून कपबश्यांचा आवाज आला. शीळ आली.

“थोडंच जाईन,” त्या म्हणाल्या. “हात बघत जाईन. बांगड्या सैल झाल्या की वळंन. आन् भाऊ, गाडी अजून माझ्याच नावावर हाय.”

मी किल्ली दिली. नाही द्यायला पाहिजे होती, असं सबिहा म्हणते. आणि पुन्हा म्हणते, मीही दिली असती.

७

त्या गाडीचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. मी तिची चाकं काढली, इंजिन वेगळं केलं, सांगाडा माझ्यासमोर कापून घेतला. कापताना मीटरवर काय होतं ते मी पाहिलं नाही. सबिहाला पुन्हा चष्मा लागलेला नाही, आणि गेलेली वर्षं आम्ही तिला सांगत असतो. ती ऐकते आणि कुठे कुठे “असं मी करणारच नाही” म्हणून भांडते. रविराजला सगळं खरं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही, पण पुढची गाडी माझ्याकडूनच घेतली. इतकं खोटं कुणी रचत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्या दुपारी मनकर्णाबाईंनी जांभळ्या साडीचा पदर खोचला, मोबाईल ओट्यावर ठेवला आणि गाडीत बसल्या. फाटकातून बाहेर पडताना गाडी जरा अडखळली. मग रस्त्याला लागली. आवाज चढत गेला. उसाच्या पलीकडे लाल रंग एकदा चमकला, आणि नंतर नुसता आवाज राहिला, दूर हायवेकडे, लांब ओढलेल्या सुरासारखा.

तो मुलगा चहा घेऊन आला आणि माझ्याशेजारी टेकला.

“काकू लई चांगल्या हायत,” तो म्हणाला. “नोकरी लागंस्तवर ऱ्हा म्हनल्या. कारखान्यात अर्ज देनार हाय मी.” मग इकडची तिकडची बोलणी. पाऊस, ऊस, बैलाची किंमत. त्याने सांगितलेली बैलाची किंमत ऐकून मी बशी खाली ठेवली. तेवढ्यात कोंबडीही येत नाही आता.

चहा निवला. आवाज थांबला होता. मी उभा राहून रस्त्याकडे पाहत राहिलो. वळली असेल. वळली नसेल तर? बांगड्यांकडे बघायचं बाईंच्या लक्षात राहिलं नसेल तर?

मग शिकरा आली. अगदी सावकाश, उतारावर आपोआप घरंगळत यावी तशी, आणि फाटकात थांबली. आत शिरली नाही.

दार उघडलं. मी जमिनीकडे पाहत होतो. मला पाऊल दिसलं, त्याच जांभळ्या साडीचा काठ दिसला. मग काचेच्या बांगड्या एकामागून एक मनगटावरून निसटून मातीत पडल्या. मी वर पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. खांद्यावरून पुढे आलेली एक जाड काळी वेणी मात्र नजरेच्या कडेला आली.

शेजारचा मुलगा उठून उभा राहिला. त्याने घाईघाईने सदरा पँटमध्ये खोचला.

“अवो,” एक कोवळा आवाज आला. “ह्ये गाव कंचं? मला ह्ये चालवाया येत न्हाई. ही आपली आपन हितं थांबली.”

“नेवासं,” मुलगा म्हणाला. “पानी घेता का?”

“घेते की.” आणि ती हसली. खळखळून.

इतकं सुंदर हसणं मी ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी ओट्यावर मोबाईल वाजायला लागला. काचेवर चाळिशीतल्या एका बाईचा फोटो उजळला. चष्मा, प्रसन्न चेहरा, कपाळ हुबेहूब आईचं. खाली नाव, मोनिका.

दोघंही जवळ येऊन वाकून बघायला लागले. त्या उजेडाकडे, त्या चेहऱ्याकडे. मी त्यांच्याकडे पाहत होतो. एकाच्याही डोळ्यांत काही हललं नाही.

“चाचा,” ती मला म्हणाली, “तुमचं कायतरी वाजतंय.”

मी मोबाईल उचलला आणि कानाला लावला.

“आई, जेवलीस का?” पलीकडून आवाज आला. “आणि आज तरी पप्पांना फोन दे.”